पाणी मोजून मिळणार, पण मोजणाऱ्या यंत्राकडे बघणार कोण?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लाभक्षेत्र विकास व जल व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणासाठी १६०० कोटी रुपयांची उपयोजना मंजूर केली. बंद नळीतून शेतापर्यंत पाणी आणि त्याचा हिशेब स्काडा व इंटरनेटला जोडलेल्या सेन्सरवर, असे तिचे स्वरूप आहे. पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचा कायदा महाराष्ट्रात २००५ पासूनच आहे. म्हणजे गिरणा, हतनूर किंवा पांझरेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याचे बिल यापुढे अधिकाधिक मापकावर ठरणार. मापक बसवताना फोटो निघतात. नंतर त्याची जाळी कोण धुणार, हे कुणी ठरवत नाही.

मापक बिघडला की चूक कोणत्या बाजूला होते, हे आधी समजून घ्या. चारीवरच्या फ्ल्यूममध्ये गाळ बसला, गळ्यात काटक्या अडकल्या किंवा खालच्या बाजूला गवत माजून पाणी तुंबले, तर मोजपट्टीवर पातळी चढते. पाणी तेवढेच असते, नोंद मात्र जास्त होते. २० सेंमीऐवजी २२ सेंमी दिसले तर प्रवाह सुमारे १५ टक्के जादा धरला जातो. हा भुर्दंड संस्थेवर पडतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाआधी फ्ल्यूमच्या वरची-खालची चारी साफ करा आणि पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या तळाशी जुळतो का ते पाहा. पातळी मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर असेल तर त्याच्या तोंडावरचे कोळ्याचे जाळे काढा, सौर पॅनेल पुसा. (पांझरेवरच्या फड पद्धतीत सेन्सर नव्हता, पाट साफ ठेवणे आणि पाटकरी-जागल्या नेमणे हे काम मात्र गावाचेच होते.)

ठिबकच्या फिरत्या पात्याच्या मीटरचे उलटे आहे. वाळूने बेअरिंग झिजले की तो हळू फिरतो आणि पाणी कमी दाखवतो. मीटर बघून पाणी देणारा केळी बागायतदार मग नकळत जादा पाणी देतो आणि विद्राव्य खत मुळांखाली जाते. रावेर-यावलसारख्या भागात, जिथे भूजल आधीच अतिउपशाखाली आहे, तिथे हे दुहेरी नुकसान आहे. विहिरीची पातळी खाली जाऊन पाण्याबरोबर हवा येऊ लागली, तर हाच मीटर भरधाव फिरून जास्त दाखवतो.

तपासणी घरीच होते. एका व्हॉल्व्हवर ताशी ४ लिटरचे २००० ड्रीपर असतील, तर नेहमीच्या दाबावर मीटरने तासाला ८ घनमीटर दाखवायला हवेत. साडेसहा दाखवत असेल तर आठ-दहा ड्रीपरखाली एक मिनिट मोजपात्र धरा. प्रत्येकी ६५ ते ६७ मिलि पाणी आले तर दोष मीटरचा; कमी आले तर ड्रीपर तुंबलेत, आम्ल प्रक्रिया करा.

मीटर फिल्टरनंतर आणि व्हेंचुरीच्या आधी बसवा, म्हणजे खत व आम्ल त्यातून जाणार नाही. त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप ठेवा. विद्युतचुंबकीय मीटरमध्ये पाइप पूर्ण भरलेला लागतो. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने इलेक्ट्रोडवर थर बसतो, तो हंगामात एकदा मऊ कापडाने काढा, खरडू नका.

पाणी वापर संस्थांनी आवर्तन सुटण्याआधी शाखा कार्यालयाकडे संयुक्त तपासणीची लेखी मागणी करावी. त्या दिवशीचा पट्टीचा फोटो आणि दोन्ही बाजूंच्या सह्या संस्थेच्या नोंदवहीत ठेवाव्यात.