ऊन फुकट, भांडवल कोणाचे?

सूर्यप्रकाश कोणाच्याच मालकीचा नाही, तेव्हा सौरवीज आपोआप गरिबांची होईल, असा एक भाबडा समज हल्ली रूढ होऊ पाहत आहे. तो तपासून पाहण्यास प्रशांत महासागरातील ताऊ या बेटाचे उदाहरण उपयोगी पडेल.

अमेरिकेच्या ताब्यातील अमेरिकन सामोआ या प्रदेशातील हे बेट. वस्ती जेमतेम सहाशेची. तेथील वीज जहाजाने येणाऱ्या डिझेलवर अवलंबून होती. वर्षाला ४ लाख लिटरहून अधिक डिझेल जाळावे लागे आणि जहाज लांबले की दिवे जपून लावावे लागत. २०१६ साली तेथे ५,३२८ पॅनेलांचे, १.४ मेगावॅट क्षमतेचे सौर वीजकेंद्र उभे राहिले.

त्याची रीत समजण्यास अवघड नाही. सिलिकॉनच्या भिन्न गुणधर्मांच्या दोन थरांवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थरांच्या सीमेवरील विद्युत्क्षेत्र त्यांना एकाच दिशेने ढकलते. हाच वीजप्रवाह. त्यासाठी ना वाफ लागते, ना फिरते चक्र. घरगुती उपकरणांना हवा तसा, आलटूनपालटून दिशा बदलणारा प्रवाह इन्व्हर्टर तयार करतो. रात्रीसाठी ६० बॅटरी-संचांत सुमारे ६,००० युनिट वीज साठविण्याची सोय केली गेली. ऊन नसतानाही ती तीन दिवस पुरावी, असा आराखडा होता.

अर्थशास्त्राचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. डिझेल जनित्र स्वस्तात मिळते, पण इंधनाचा खर्च कायमचा मागे लागतो. सौरकेंद्राला इंधन लागत नाही. मात्र पुढील अनेक वर्षांच्या विजेची किंमत जवळजवळ पहिल्याच दिवशी मोजावी लागते. म्हणजे ज्याच्या हाती भांडवल, त्याच्या हाती वीज. सहाशे बेटवासीयांच्या गाठीशी एवढी रक्कम कोठून असणार? ती आली सार्वजनिक तिजोरीतून : अमेरिकन सामोआचे आर्थिक विकास प्राधिकरण आणि अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था व अंतर्गत विभाग यांच्याकडून. खाजगी उद्योगाचा गड मानल्या जाणाऱ्या देशालाही येथे सरकारी पैशाचाच आधार घ्यावा लागला, हे विसरता कामा नये.

बॅटऱ्या कालांतराने निकामी होतात. त्या वेळी भांडवलाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून गावात सौरप्रकल्प येतो तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ उद्घाटनाच्या टाळ्यांत सामील होऊ नये. मालकी कोणाची, दर कोण ठरविणार, दुरुस्ती कोण करणार आणि बॅटरी बदलण्याचा निधी कोठे आहे, हे चार प्रश्न ग्रामसभेत विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.