सही कुणाची घेतली?

२०२५च्या सीताफळाच्या हंगामातली गोष्ट. सासवडच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या एका बाईंशी बोलत होते. फळं निवडून देता देता त्या म्हणाल्या, “पोलिस आले तवा बायांनी म्होरं व्हायचं, ताई. आन् सहीचा कागद आला तवा मालकांनी.”

घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

बाई पुरंदर विमानतळात जमीन जाणाऱ्या गावातल्या. पुण्याचं लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं. तिथली धावपट्टी आणि जागा अपुरी पडते म्हणून २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं. त्यातलं खानवडी तर महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं! तेव्हापासून गावांचा विरोध सुरू झाला.

आणि तो का होऊ नये? पुरंदर म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसणारा तालुका. उपसा सिंचनाचं पाणी आलं (तेही पुण्यानं वापरून मुळा-मुठेत सोडलेलं), आणि माळावर बागा उभ्या राहिल्या. इथल्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०१६ मध्येच. या बागांत पहाटे फळ तोडायला कोण असतं? बाई. प्रतवारी करायला, पाटीत पाला घालून थर लावायला, बाजार गाठायला? बहुतेक वेळा बाईच. शिवाय दावणीची दोन जनावरं. दुधाचा पैसा तेवढा तिच्या हातातला. मोजणीत झाड धरतात, विहीर धरतात. हा दुधाचा पैसा कोण मोजणार?

मे २०२५च्या सुरुवातीला ड्रोननं मोजणी करायला यंत्रणा आली तेव्हा पोलिस आणि गावकऱ्यांत झटापट झाली, लाठ्या चालल्या. त्या गर्दीत बाया पुढे होत्या. नंतर क्षेत्र कमी करून सुमारे ३००० एकरांवर आणलं, दहा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं ठरलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात संमतिपत्रं घेतली गेली. बहुतेकांनी संमती दिली, असं प्रशासनानं सांगितलं. दिली असेल. पण संमती खातेदाराची, आणि आपल्याकडे खातेदार म्हणजे बहुधा पुरुष.

बाईची सही कधीच लागत नाही असं नाही हं! माहेरच्या जमिनीत २००५च्या कायद्यानं मुलीला बरोबरीचा हक्क आला, आणि तेव्हापासून तिला आग्रहानं बोलावून घेतात, हक्कसोडपत्रावर सही करायला. साडी-चोळी देतात, जेवू घालतात.

नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय १९९२ पासून आहे, लक्ष्मीमुक्ती योजना. अर्ज मात्र नवऱ्यानं करायचा! २०१३च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब धराव्यात असं म्हटलंय. पुरंदरचं भूसंपादन सुरू झालं ते औद्योगिक विकासाच्या १९६१च्या कायद्याखाली. भावाच्या आधारानं राहणाऱ्या, त्याच्याच बागेत राबणाऱ्या टाकलेल्या बाईला इथे कुणी विचारलं का?

विमानतळ नकोच, असं मी म्हणत नाही. माझा भाचा बंगळुरूहून विमानानंच येतो आणि तो लवकर पोचला की मलाही बरं वाटतं. पण ज्या घराची जमीन जाते, त्या घरातल्या दोघांना समोर बसवून विचारायला किती वेळ लागला असता? पैसे जमा करताना दोघांच्या नावचं खातं मागायला काय हरकत होती? मोठी रक्कम घरात आली की गाडी येते, बंगला होतो. बाईला पुढच्या वर्षी काम कुठे मिळणार, हा प्रश्न त्या बंगल्यात कुणी काढत नाही.

त्या संध्याकाळी मी आमच्या घराचा उतारा कपाटातून काढला. लग्नाला वीस वर्षं झाली, कधी पाहिलाच नव्हता. बचत गटाच्या बायांना मात्र मीच सांगत फिरते! त्यावर सासऱ्यांचं नाव, मग यांचं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “तुला कशाला हवंय? सगळं तुझंच तर आहे.”

मी म्हटलं, मग अर्ज कधी करायचा?

अजून उत्तर आलेलं नाही.