आधी वजनकाटा, मग वणवा

लष्कराने सेवेतून काढलेले ट्रक गावोगावच्या अग्निशमन दलांना द्यावेत का, हा वाद अमेरिकेत वारंवार उठतो. माझे उत्तर स्पष्ट आहे: द्यावेत, पण अंगणात आणून नुसते उभे करू नयेत.

हे ट्रक घेणारी दले बहुतेक खेड्यांतली असतात. त्या देशातले सुमारे दोन-तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. शेती, दुकान, नोकरी सांभाळायची आणि आगीची वर्दी आली की हातातले काम टाकून धावायचे, असा त्यांचा शिरस्ता. नव्या बंबाला लाखो डॉलर लागतात; यांचा कारभार पुष्कळदा देणग्यांवर आणि निधीसाठी घातलेल्या जेवणावळींवर चालतो. केंद्राच्या दोन योजनांतून राज्यांच्या वनखात्यांमार्फत त्यांना लष्करी वाहने मिळतात. एकीत वाहन उसने मिळते, मालकी केंद्राचीच राहते. दुसरीत ठरावीक काळ ते सेवेत ठेवले की दलाच्या नावावर होते.

पहिला आक्षेप असा की हे भंगार आहे. लष्कर वाहन काढते ते नेहमीच झिजले म्हणून नव्हे. नवे मॉडेल आले, तुकडीची गरज बदलली, की जुने बाजूला होते. अडीच टनी एम-३५ ट्रकची सहाही चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. वणवा डांबरी रस्ता पाहून पेटत नाही. चिखलात, वाळूत, नांगरटीत जिथे साधा ट्रक रुतून बसतो, तिथे हा पाणी पोचवतो.

दुसरा आक्षेप लष्करीकरणाचा. २०१४ मध्ये मिसूरीतल्या फर्ग्युसन शहरातल्या निदर्शनांच्या वेळी रस्त्यांवर पोलिसांची लष्करी सामग्री पाहून लोक हादरले, आणि ती भीती रास्तच होती. पण इथे चिलखती गाडी नागरिकांसमोर उभी केली जात नाही. लष्करी रंग जातो, मागे टाकी आणि पंप बसतो, आणि गाडी चालवणारा त्याच गावचा असतो.

तिसरा आक्षेप धुराचा. त्याच वर्षी उत्सर्जनाच्या नियमांवर बोट ठेवून संरक्षण खात्याने ही वाहने देणे थांबवले. ओक्लाहोमासारख्या राज्यांतून ओरड झाली आणि काही आठवड्यांत निर्णय फिरला. तो फिरला हे योग्यच झाले. वर्षातून मोजके दिवस धावणाऱ्या ट्रकचा धूर आणि हजारो एकर गवत जळून उठणारा धूर यांची बरोबरी होऊच शकत नाही.

चौथा आक्षेप मात्र उडवून लावता येणार नाही: या गाड्या उलटतात, माणसे मरतात. पाण्याचे टँकर उलटून होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंबद्दल अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने २००१ मध्येच सावध केले होते. कारण हिशेबात आहे. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आत भरते, लिटरभर पाणी एक किलो. इंधनाचा साडेचार हजार लिटरचा लष्करी टँकर पाण्याने काठोकाठ भरला, की अकराशे किलोंहून अधिक वजन आपोआप वाढते. एम-३५ ची रस्त्याबाहेरची क्षमता जेमतेम २,२७० किलो. टाकी, पंप, नळ्या, अवजारे यांचे वजन त्यातूनच वजा करायचे. टाकीत पाण्याची लाट अडवणाऱ्या पाट्या नसतील, तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला ओढून नेते. त्यात एम-३५ए२ चा ब्रेक एकाच मार्गावर चालतो. एक नळी फुटली की सगळी चाके मोकळी. म्हणून दोष सैन्याच्या ट्रकचा नाही, वजन न करता टाकी चढवणाऱ्या घाईचा आहे. दुधाच्या टँकरमध्ये पाणी भरून बंब केला, तरी हिशेब चुकला की तोच अपघात होईल.

या हिशेबाची माहिती हवेत नाही. मिशिगनमधल्या रॉस्कॉमन इथले अग्निशमन-उपकरण केंद्र १९७२ पासून लष्करी वाहनांच्या रूपांतराचे आराखडे तयार करत आले आहे. टाकी केवढी, ती कुठे बसवायची, किती वजन पेलेल, हे कागदावर मांडलेले आहे. उणीव आहे ती तो कागद प्रत्येक गावच्या वर्कशॉपपर्यंत पोचवण्याची आणि पाळायला लावण्याची.

उरला शेवटचा मुद्दा: सरकारने नवे बंबच का घेऊन देऊ नयेत? जरूर द्यावेत. पण २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासच्या उत्तर भागात स्मोकहाउस क्रीकचा वणवा दहा लाख एकरांहून अधिक भूभागावर पसरला, तेव्हा स्वयंसेवी दले हाती असेल ते घेऊनच धावली. अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत वारा थांबत नाही.

म्हणून मागणी अशी. ट्रकबरोबर रूपांतराचा पैसाही द्या. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा रेडिओ बसवायलाही खर्च येतो. पाणी, माणसे, सामान भरून प्रत्येक एक्सल काट्यावर तोलल्याशिवाय गाडीला सेवेत घेऊ नका. प्रत्येकाला पट्ट्यासह आसन द्या. मागच्या उघड्या फळीवर कुणालाही उभे करू नका. चालकाला भरल्या टाकीने वळण घ्यायला शिकवा. जे लोक दुसऱ्याचे घर वाचवायला फुकट धावतात, त्यांना फुकटची गाडी देऊन आपले कर्तव्य संपत नाही. ती गाडी त्यांना सुखरूप परत आणेल, याची हमी देणे हेही सरकारचेच काम आहे.