अकोल्याची ट्यूब पेटली!

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. रविवारी, सकाळी दहाला! (हे टायमिंग ज्याने शोधलं, त्याच्या आयुष्यात वीकेंड नावाची गोष्ट कधी आलीच नसावी.) विषय होता जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या ट्यूबलाइट्सचा. तीन बिल्डिंग मिळून साठेक ट्यूब. त्यातल्या निम्म्या दिवसरात्र जळत असतात, कारण त्यांचं बटण वॉचमनच्या केबिनमध्ये आणि केबिनची चावी सेक्रेटरीकाकांकडे. एका आयटीवाल्या मेंबरने लॅपटॉप उघडून एलईडीचं झकास प्रेझेंटेशन दिलं. पाय चार्ट, बार चार्ट, सगळं. लोकांनी माना डोलावल्या. मग काकांनी चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न विचारला, ‘‘ते ठीक आहे हो, पण पैसे कोण भरणार?’’

खलास. पुढचा विषय चहा.

वीज वाचवायची म्हटलं की गाडी नेहमी याच स्टेशनवर अडते. वाचवणं सगळ्यांना मान्य असतं, पण वाचवायला आधी खर्च करावा लागतो आणि खिशात हात कुणी घालत नाही. हा प्रश्न एका अख्ख्या शहराने कसा सोडवला, हे मी काकांना तिथल्या तिथे सांगणार होतो, पण तोवर बिस्किटं आली. म्हणून आता तुम्हाला सांगतो. ते शहर फ्रीबर्ग नाही, कोपनहेगन नाही. ते आहे अकोला.

नाक मुरडू नका! पुण्या-मुंबईच्या माणसाला अकोला भेटतं ते मे महिन्यात, हवामानाच्या बातम्यांत. ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की टीव्हीवर अकोल्याचं नाव झळकतं, आपण ‘बाप रे’ म्हणतो आणि एसी दोन अंशांनी खाली आणतो. एरवी हे शहर आपल्या गावीही नसतं. २००१ साली इथे महापालिका झाली तेव्हा लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. महापालिका म्हणून लहानच म्हणायची, आणि तिजोरी काही दुथडी भरून वाहत नव्हती.

आता जरा २००५ ते २००७ हा काळ आठवा. लोडशेडिंग! तेव्हा जे शाळा-कॉलेजात होते त्यांना वेगळं सांगायला नको. पुण्याने २००६ मध्ये शक्कल लढवली. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचे जास्तीचे पैसे शहराच्या बिलात. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याचं तेव्हा केवढं कौतुक झालं. अकोल्यासारख्या शहरांच्या वाट्याला मात्र तासन्‌तास अंधार होता. आणि गंमत बघा, जिल्ह्यातल्याच पारसला औष्णिक वीज केंद्र आहे आणि २५० मेगावॉटचे दोन नवे संच तिथे नेमके याच सुमारास उभे राहत होते. माझ्या टीममधला एक अकोलेकर आजही यावरून टोमणे मारतो. ‘‘तुमी पैसे भरून उजेडात बसले, आमी कंदिलात बारावी देल्ली!’’ यावर आपण काय बोलणार? कॉफी पाजायची.

तर अशा दिवसांत महापालिकेची दिवाबत्ती. कुठल्याही पालिकेचं वीजबिल उघडून बघा, दोन राक्षस दिसतात. एक पाणी उपसणारे पंप आणि दुसरे रस्त्यावरचे दिवे. दिवे होते जुन्या पठडीतले. ३८ मिलिमीटर जाडीच्या, ४० वॉटच्या ट्यूबा, मर्क्युरी व्हेपर, सोडियम व्हेपर. ४० वॉटची ट्यूब फक्त नावालाच ४० वॉटची असते. तिच्याबरोबरचा तांब्याचा चोक, तो गूं-गूं आवाज करणारा, आणखी दहा-बारा वॉट गिळतो. मर्क्युरीचा दिवा तर वीज खाऊन उजेड कमी आणि उष्णताच जास्त देतो. सोडियमचं तसं नाही, तो विजेच्या हिशेबात बरा असतो, पण त्याच्या पिवळ्या-नारिंगी प्रकाशात लाल गाडी आणि तपकिरी गाडी सारखीच दिसते.

त्या काळात या सगळ्याला उत्तर होतं टी-५. जेमतेम १६ मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी ट्यूब. २८ वॉटची ही ट्यूब इलेक्ट्रॉनिक चोकवर चालते, म्हणजे मीटरवर तिशीच्या आसपास, आणि उजेडात जुन्या ट्यूबला हार जात नाही. तंत्रज्ञान बाजारात होतं. अडचण काकांचीच होती. पैसे कोण भरणार?

अकोल्याने सांगितलं, आम्ही नाही भरणार!

२००७ मध्ये महापालिकेने एशियन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीबरोबर करार केला. कंपनीने स्वतःच्या पैशाने शहरातले साडेअकरा हजारांहून जास्त दिवे बदलायचे. पुढची देखभालही तिनेच करायची, तिची वार्षिक फी वेगळी. आणि दिव्यांचे पैसे? ते बिलात जी बचत होईल तिच्यातून. बचत झाली तर पैसे, नाही झाली तर कंपनीचं नशीब. अशा कंपनीला ‘एस्को’ म्हणतात. भारी नाव आहे, पण आपल्याकडे बटाईने शेत देतात ना, त्यातलाच हा प्रकार. शेत पालिकेचं, बी-बियाणं आणि मेहनत कंपनीची, पीक वाटून घ्यायचं.

काम तीन महिन्यांत उरकलं. हो, तीन महिन्यांत. आमच्या सोसायटीत लिफ्टचा आरसा बदलायला पाच महिने लागले होते.

आता आकडे. बोअर होऊ नका, इन्क्रिमेंट लेटर वाचता तितक्याच लक्षपूर्वक वाचा. खर्च आला सुमारे १ लाख २० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पन्नास लाख रुपयांच्या आसपास. वाचली वर्षाला २१ लाख युनिट वीज. या दिव्यांचा वापर ५६ टक्क्यांनी उतरला. पैशांत बचत वर्षाला १ लाख ३३ हजार डॉलर. पन्नास लाख अकरा महिन्यांच्या आत वसूल! मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर एका दिव्यामागे खर्च निघाला जेमतेम साडेचारशे रुपये. शनिवारी मल्टिप्लेक्समध्ये आपण पॉपकॉर्नच्या टबाला एवढे मोजतो. आणि त्या साडेचारशेत दरवर्षी एका खांबावर १८० युनिटच्या वर वीज वाचत होती. वर्ल्ड बँकेच्या एका कार्यक्रमाने २००९ मध्ये शहरांनी वीज कशी वाचवावी याची चांगली उदाहरणं गोळा केली, त्यात अकोल्याच्या या दिव्यांचा नंबर लागला.

इथवर टाळ्या. आता खरी मेख.

बचत कशी वाटून घ्यायची ठरली होती? कंपनीला ९५ टक्के, पालिकेला ५. करार सहा वर्षांचा. म्हणजे गुंतवणूक पहिल्या वर्षातच फिटली आणि बचतीचा मलिदा पुढची पाच वर्षं कंपनीकडे चालू. बचत दरवर्षी तेवढीच राहिली असं धरलं तर सहा वर्षांचे होतात साडेसात लाख डॉलर, सव्वातीन कोटी रुपयांच्या घरात. पन्नास लाख लावून सव्वातीन कोटी! असं म्युच्युअल फंडात मिळालं असतं तर मी हा कॉलम गोव्याच्या शॅकमध्ये बसून लिहिला असता.

मग अकोल्याला गंडवलं का? दोन दिवस मी ‘हो’ म्हणत होतो. माझ्यातला पुणेकर म्हणत होता, अरे, पन्नास लाखांचं लोन घेतलं असतं तर वर्षाभरात ईएमआय संपले असते आणि पुढची सगळी बचत आपली. गणित बिनचूक आहे. फक्त त्यात एक माणूस धरलेला नाही, लोन देणारा. मोठी भांडवली रक्कम नसलेल्या छोट्या पालिकेला कर्ज कोण देतं? दिलं तरी प्रस्ताव, स्थायी समिती, टेंडर, आक्षेप, फेरटेंडर यात दोन वर्षं सहज जातात, आणि तोवर जुने दिवे वीज खातच असतात. प्रत्येक वर्षी २१ लाख युनिट. ९५ टक्के जास्तच आहेत, माझं मत तेच आहे. थोडं ताणून धरलं असतं तर करार सहाऐवजी तीन-चार वर्षांवर आणता आला असता, असंही मला वाटतं. पण समोरचा पर्याय शंभर टक्के बचतीचा नव्हताच. तो होता शून्याचा.

कंपनीची भीतीही खोटी नव्हती. अशा करारांत दोन भुतं असतात. पहिलं भूत मोजमापाचं. बचत म्हणजे जी वीज जळलीच नाही ती. ती मोजायची कशी? कित्येक रस्त्यांवरच्या दिव्यांना धड मीटर नसतात. आधी दहातले तीन दिवे बंदच असतील आणि नव्या योजनेत दहाही लागले, तर बिल अपेक्षेएवढं उतरत नाही. मग पालिका म्हणते बचत कुठाय, कंपनी म्हणते उजेड बघा की! म्हणून जुना वापर किती धरायचा, दिवा रात्री किती तास जळतो असं मानायचं, हे आधीच ठरवून कागदावर सह्या घ्याव्या लागतात. दुसरं भूत वसुलीचं. पालिकेने पैसे थकवले तर खांबावर चढून ट्यूब काढून थोडीच आणता येणार?

या दुसऱ्या भुताने पुढे सरकारी कंपनीलाही सोडलं नाही. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने रस्त्यावरच्या दिव्यांचा देशभरचा कार्यक्रम आणला, ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत. आयडिया तीच, पालिकेने आधी काही भरायचं नाही, बचतीतून हप्ते द्यायचे. फरक दोन. टी-५ च्या जागी एलईडी आली, आणि खरेदी लाखांच्या घाऊक संख्येत, त्यामुळे दिव्याचे भाव धडाधड कोसळले. विशाखापट्टणमने ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाचा तडाखा खाल्ला आणि त्यानंतर काही महिन्यांत ९० हजारांहून जास्त दिवे एलईडीचे करून टाकले. देशभरात आकडा एक कोटीच्या पार गेला. आणि हप्ते? पालिकांकडची थकबाकी ही ईईएसएलची मोठी डोकेदुखी होऊन बसली. सरकारी कंपनीची ही गत, तर २००७ मध्ये खासगी कंपनीने ९५ टक्के मागितले ते निव्वळ हावरटपणाने, असं म्हणवत नाही.

हे सगळं मी परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. जरा लांबलंच. खाली आमचाही हिशेब जोडला. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॉटच्या वर, एलईडी वीसची. चोवीस तास जळणाऱ्या प्रत्येक ट्यूबमागे रोज पाऊण युनिट वाचेल. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी तीनशेचं फिटिंग दीड महिन्यात वसूल. सोसायटीने भरायचे नसतील तर अकोल्यासारखा एखादा कंत्राटदार गाठू, तो आपल्या पैशाने लावेल, बचतीतले ९५ टक्के त्याचे, ५ आपले.

चौदा अंगठे आले. काकांचा मेसेज मात्र सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पडला.

‘‘दुसऱ्याला ९५ टक्के कशाला? सोसायटीच भरेल. कोटेशन मागवले आहे. केबिनची चावी माझ्याकडेच राहील.’’