‘कुठल्या कंपनीतून?’ – ‘शिरूरहून!’

रजिस्ट्रेशनच्या टेबलावर पहिलाच प्रश्न आला, ‘कुठल्या कंपनीतून?’ माझी मैत्रीण पटकन म्हणाली, ‘शिरूरहून.’ टेबलापलीकडची मुलगी हसली, मग आम्हीही हसलो. गळ्यात अडकवायच्या कार्डावर नावाखाली कंपनीची ओळ असते, ती कोरीच राहिली. दिवसभर आम्ही तेच कोरं कार्ड घालून फिरत होतो.

पुण्यातल्या एका हॉटेलात फायनान्शियल प्लॅनर मंडळींची एक दिवसाची परिषद होती. मैत्रीण शिरूरची, टीवायबीकॉमला. मी दौंडची, मास कॉमवाली. मला पैशातलं फार कळत नाही, पण सोबत होईल आणि जमलंच तर बातमीही मिळेल म्हणून गेले. ती पहाटेच्या एसटीने आली (शिक्रापूर ते वाघोली काय हाल होतात, ते नगर रोडवाल्यांना सांगायला नको), मी दौंडहून रेल्वेने. फी दोन हजार. तिच्या वडिलांचं म्हणणं होतं, ‘नोकरी लागल्यावर जा की. आत्ता तिथं तुला कोण विचारतंय?’

हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या डोक्यातही असतो. माझं मत आता पक्कं झालंय: शिरूर-दौंडच्या पोरापोरींनी अशा परिषदांना शिकत असतानाच जायला हवं. कारण सर्टिफिकेट नाही. कारण ऊस.

झालं असं, की दुपारच्या सत्रात एक वक्ते एसआयपीबद्दल बोलत होते. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी हप्ता कापला जावा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, वगैरे. सगळं बरोबरच होतं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मैत्रिणीने हात वर केला. मराठीतच विचारलं, ‘सर, ज्याच्या घरी पगार महिन्याला नाही, हंगामाला येतो, त्याने काय करायचं?’ आणि तिने घरचा हिशेब सांगितला. ऊस तुटून गेला की बिल. नियमाने 14 दिवसांत यायला हवं, पण ते कधी येईल ते कारखान्याच्या तब्येतीवर. आमचा पाटसचा भीमा काही हंगाम बंद होता, त्यांचा न्हावऱ्याचा घोडगंगाही बंद पडला, तेव्हा गावांनी काय काढलं ते त्यांनाच माहीत. आणि बिल आलं तरी सोसायटीचं पीककर्ज त्यातून आधीच वळतं होतं. हातात उरतं ते वर्षभर पुरवायचं.

हॉल शांत. वक्ते प्रामाणिक होते, म्हणाले, माझे सगळे क्लायंट पगारदार किंवा डॉक्टर, मला असा विचार करायची वेळच आली नाही. मग थांबून त्यांनी उत्तर दिलं. पुढच्या हंगामाचं बी-खत-मजुरी आधी वेगळी काढा. घरखर्चाची सोय सहा महिन्यांची नको, वर्षाची ठेवा. राहिलेली रक्कम लिक्विड फंडात टाकून तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम पुढे वळवता येते, त्याला एसटीपी म्हणतात. चहाच्या वेळी तीन-चार जण तिच्याभोवती जमले. सोसायटीची वसुली नेमकी कशी होते, हे त्यांना तिच्याकडून समजून घ्यायचं होतं! दोन हजार रुपये भरून गेलेली ती, आणि शिकवत होती तीच.

आता थोडं या धंद्याबद्दल, कारण सकाळपर्यंत मलाही प्लॅनर म्हणजे पॉलिसीवाला काकाच वाटत होता. फरक मोठा आहे. म्युच्युअल फंडाचा डिस्ट्रिब्युटर कंपनीकडून कमिशन घेतो, त्याच्याकडे एआरएन नंबर असतो. गुंतवणूक सल्लागार सेबीकडे नोंदणी करतो आणि फी तुमच्याकडून घेतो. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर तपासता येतो. सल्लागारांचे हे नियम 2013चे. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट योजना आल्या, ज्यात मधलं कमिशन नसतं. दोन्हीत प्रामाणिक माणसं असतात, दोन्हीत नसतातही. पण पैसे कोण देतंय हे कळलं, की सल्ला कुणाच्या बाजूने झुकेल याचा अंदाज येतो. एवढ्या मोठ्या देशात असे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास आहेत. त्यातले आपल्या दोन तालुक्यांत किती असतील, विचार करा.

मग आपल्याकडे सल्ला देतं कोण? पाहुणा. भिशीतला मित्र. ‘महिन्याला दहा टक्के’वाला. पीएसीएल आठवतं का? जमीन देतो म्हणून देशभरात पाच कोटींहून जास्त लोकांकडून 49 हजार कोटी रुपये गोळा केले होते. सेबीने 2014 साली पैसे परत करा म्हणून आदेश दिला, 2016 साली सुप्रीम कोर्टाने त्यासाठी लोढा समिती नेमली. आपल्याकडच्या कित्येक कपाटांत ती बाँडं अजून आहेत. लांब कशाला, शेजारच्या नगर जिल्ह्यात शेवगावला 2024 साली शेअर मार्केटच्या नावाने जे झालं ते ताजंच आहे. फसलेले सगळे अडाणी होते असं म्हणणारे असतात, मला ते मुळीच पटत नाही. त्यांना विचारायला गावात जाणकार माणूस नव्हता, एवढंच.

आणि पैसा तर आपल्याकडे येतोय. रांजणगाव, कुरकुंभ एमआयडीसीतले कंत्राटी कामगार कंत्राटदार बदलला की पीएफ काढून मोकळे होतात. रस्त्यात जमीन गेली की एकाच दिवशी खात्यात एवढी रक्कम, की आधी गाडी, मग बंगला, मग भांडण. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, ही सरकारी योजना 2015 पासून आहे, पण माझ्या गल्लीत विचारलं तर दोघांना माहीत होती. हे सगळं पुण्याच्या हॉटेलातल्या हॉलला माहीत नाही. ते आपल्याला माहीत आहे. त्यांना जे माहीत आहे, ते आपल्याला नाही. आपण गेलो नाही तर ही गाठ पडायची कशी?

म्हणून दोन मागण्या. आयोजकांनो, विद्यार्थ्यांसाठी वेगळी फी ठेवा, मागच्या दोन रांगा मोकळ्याच होत्या. आणि एखादं सत्र मराठीत घ्यायला काय हरकत आहे? कॉलेजांनो, नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला, फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. वर्षाला दोन विद्यार्थी अशा परिषदेला पाठवा, येऊन त्यांना वर्गात अर्धा तास बोलायला लावा, ते त्यात धरा. नाहीतर आपल्याकडे परिषद म्हणजे स्वागत, सत्कार, नाश्ता आणि फाइल.

आपल्याबद्दलही बोलायला हवं. सकाळी पहिला तासभर आम्ही कोपऱ्यात उभ्या राहून मोबाइल बघत होतो. सगळीकडे इंग्लिश, सगळ्यांची एकमेकांशी ओळख. घरी जावंसं वाटत होतं. जाणार असाल तर एक करा, घरचा एक खरा प्रश्न वहीत लिहून न्या. तिच्याकडे तो होता म्हणून दुपार वेगळी गेली. ज्याला या वाटेने जायचंय त्याच्यासाठी एनआयएसएमची व्ही-ए परीक्षा ही पहिली पायरी, 100पैकी 50 मार्क लागतात आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मैत्रीण पुढच्या महिन्यात बसतेय.

त्या रात्री साडेनऊला ती घरी पोहोचली. वडील काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. आत सात पॉलिस्या होत्या. त्यातल्या तीन कधीच्या लॅप्स झालेल्या. ‘बघ गं जरा,’ एवढंच म्हणाले.