डोमेन आधी घेतलं, म्हणून नाव तुमचं?

एखादं भारी नाव सुचतं, हजारभर रुपयांत डोमेन बुक होतं आणि मनात येतं: उद्या एखाद्या बड्या कंपनीला हेच नाव हवं असेल तर? आपली लॉटरीच!

दिल्लीतल्या एका ॲप डेव्हलपरनं २०२३ मध्ये असाच अंदाज बांधला. आयपीएलचे डिजिटल हक्क गेल्यावर हॉटस्टारचे प्रेक्षक घटत होते. 'सावन'चं 'जिओसावन' झालेलं त्यानं पाहिलं होतं. म्हणून त्यानं 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विलीनीकरण तोंडावर आल्यावर त्यानं साइटवर पत्रच टाकलं: डोमेन घ्या आणि माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. रक्कम साधारण एक कोटी! मागणी मान्य झाली नाही. प्रकरण निकालापर्यंत जाण्याआधीच डोमेन दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला 'जिओहॉटस्टार' सुरूही झालं.

सोशल मीडियावर अनेकांनी त्याची बाजू घेतली. मुद्दा साधा वाटतो: त्यानं डोमेन घेतलं तेव्हा या नावाचा ब्रँडच नव्हता. बरोबर, पण 'जिओ' आणि 'हॉटस्टार' ही दोन्ही नावं होतीच की!

डोमेनच्या वादांसाठी आयकॅन या संस्थेनं १९९९ मध्ये नियम केले. त्यात तीन गोष्टी तपासतात. नाव कुणाच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं जुळतं का? डोमेन घेणाऱ्याचा त्या नावावर काही रास्त हक्क आहे का? आणि त्याचा हेतू काय होता? ट्रेडमार्कच्या मालकालाच चढ्या भावानं विकण्यासाठी डोमेन घेतलं असेल, तर तो वाईट हेतूचा पुरावा धरतात. म्हणजे पैसे मागणारं पत्रच अंगाशी येऊ शकतं.

आपल्याकडे सायबरस्क्वॉटिंगसाठी वेगळा कायदा नाही, पण कोर्टांनी वाट काढली आहे. १९९९ मध्ये मुंबईच्या 'रेडिफ'नं 'रॅडिफ' नावाच्या डोमेनविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आम्ही हे नाव वेगळ्या शब्दांवरून बनवलं, हा समोरच्यांचा बचाव टिकला नाही. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डोमेन हा नुसता पत्ता नाही. ट्रेडमार्कसारखंच त्यालाही संरक्षण मिळतं.

मग मोठी कंपनी आली की आपण हरलोच? तसंही नाही. समजा, तुम्ही कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये घरून केकच्या ऑर्डर घेता, स्वतःच्या नावानं साइट चालवता आणि नंतर त्याच नावाची कंपनी येते. तुमचा धंदा खरा आणि आधीचा असेल, तर तो तुमचा रास्त हक्क ठरू शकतो. कंपनीनं नुसतं दडपण आणण्यासाठी तक्रार केली असेल, तर आयकॅनच्या नियमांत तसा ठपका ठेवायचीही सोय आहे.

त्यामुळे जपायचं ते धंद्याचं नाव. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या नावावर नको, डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. बिलं, जुन्या पोस्ट, ऑर्डरचे मेसेज ठेवा. आधीपासून नाव वापरत होतो, हे त्यातूनच दिसतं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती किंवा स्टार्टअपला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो. मुंबईचं ट्रेडमार्क कार्यालयही कुर्ल्यापासून लांब नाही, अँटॉप हिलला आहे.

दुसऱ्याच्या नावावर कोटीची लॉटरी लावण्यापेक्षा हे साडेचार हजार कधीही बरे, नाही का?