मास्कमागचा ‘म’

2025 मध्ये 16 जूनला, सोमवारी, राज्यातल्या शाळा उघडल्या. विदर्भातल्या मुलांना उन्हामुळे आणखी आठवडाभर मोकळीक होती, बाकी सगळीकडे सोमवारीच घंटा. कुठे बैलगाडीतून मिरवणूक निघाली, कुठे ट्रॅक्टरला फुगे लागले. पहिलीच्या मुलांच्या पावलांना कुंकू लावून कागदावर ठसे उमटवले गेले, सरपंचांनी गुलाब दिले आणि दुपारच्या आत सगळे फोटो केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जमा झाले. या प्रवेशोत्सवाला माझी हरकत नाही. रडत आलेल्या पोराच्या हातात फुगा पडला तर बिघडलं कुठे? पण दर जूनमध्ये ते कुंकवाचे ठसे पाहिले की मला जून नव्हे, एक डिसेंबर आठवतो.

1 डिसेंबर 2021. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा त्या दिवशी उघडल्या. बंद झाल्या होत्या मार्च 2020 च्या मध्यावर. म्हणजे सगळ्यांत धाकट्यांची शाळा साडेवीस महिन्यांनी भरत होती. मी त्या सकाळी पाथर्डी तालुक्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका द्विशिक्षकी शाळेत गेले होते. राज्याच्या बऱ्याच भागात त्या दिवशी अवकाळी पाऊस लागला होता. बाईंनी दारात काढलेली रांगोळी नऊ वाजेपर्यंत वाहून गेली. ओल्या टोप्या, चिखलाच्या चपला, मातीचा वास. शाळा उघडायला महिना चुकला होता, पण पावसानं जून झाल्यासारखं सगळं साजरं केलं.

दुसरीच्या पटावर चौदा नावं होती. बाईंनी गुलाबही मोजून चौदा आणले होते. आली सहा मुलं.

बाकीची कुठे, हे मी विचारायची गरज नव्हती. ऊसतोड मजुरांच्या त्या पट्ट्यात तो प्रश्न कुणी विचारत नाही. ऊस गाळपाचा हंगाम 15 ऑक्टोबरलाच सुरू झाला होता. आई आणि बाप मिळून एक कोयता, कोयत्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि उचल घेतली की दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत. घरी आजी असेल तर पोर मागे राहतं, नसेल तर कोपीत जातं. सरकारनं शाळेचं दार उघडलं तेव्हा ती आठ पोरं कुठल्यातरी कारखान्याच्या फडात वाढ्यांवर बसलेली होती. तो हंगामही साधासुधा नव्हता. विक्रमी ऊस उभा होता, गाळप लांबत लांबत पार जून 2022 पर्यंत गेलं. ती मुलं परतली तेव्हा त्यांचं दुसरीचं वर्ष संपलं होतं. पहिली घरात गेली होती, दुसरी फडात गेली, आणि जूनमध्ये हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे तिसरी लागली. उरलेले आठ गुलाब बाईंनी पाण्याच्या तांब्यात ठेवले.

आलेली सहा मुलं दुसरीतली, पण शाळा अशी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. चपला कुठे काढायच्या, लघवीला जाताना विचारायचं असतं, बस्करावर एका रांगेत बसायचं असतं, दुसऱ्याची पेन्सिल मागून घ्यायची असते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एक मुलगी मात्र जय्यत तयारीनिशी आली होती. तिची वही बघून मी थक्क झाले. वळणदार अक्षर, रेघा आखलेल्या, पानापानावर चित्रं. मोठ्या भावाच्या मोबाइलवर आलेला अभ्यास तिनं एकही पान न चुकवता उतरवून काढला होता. ‘हे काय लिहिलंयस?’ मी विचारलं. ‘कमळ,’ ती म्हणाली. बरोबर होतं. वर कमळाचं चित्र होतं. खालच्या ओळीत ‘मगर’ लिहिलेलं होतं, तिथे मी बोट ठेवलं. तिनं शब्दाकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘ह्याचं चित्र कुठंय?’

तिला वाचता येत नव्हतं. लिहिता येत होतं, म्हणजे अक्षरं काढता येत होती, फूल काढावं तशी. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषवाक्याचा अर्थ मला त्या वहीनं जितका नेमका सांगितला, तितका कुठल्या अहवालानं सांगितला नाही. शिक्षण खरोखरच सुरू होतं. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होती, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय येत होते, कुठे शिक्षकांनी गावातल्या भिंतींवर धडे रंगवले, कुठे भोंग्यावरून शिकवलं. स्वतः चेकपोस्टवर आणि रेशन दुकानात ड्युटी करून हे करणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी ‘फुकटचा पगार’ म्हणणारेही ऐकले आहेत. पण सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची गाठ कुणीतरी समोर बसून मारून द्यावी लागते. ती गाठ मोबाइलवर बसत नाही.

त्या दिवशी बाईंनी नेमकं तेच करायला घेतलं. फळ्यावर ‘म’ काढला आणि म्हणाल्या, म्हणा, ‘म’. मुलांनी काहीतरी म्हटलं. कुणाचा ‘न’ झाला, कुणाचा नुसताच हुंकार. बाईंनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. मग त्यांच्या लक्षात आलं. प, फ, ब, भ, म ही अख्खी ओळ ओठांवर तयार होते, आणि बाईंचे ओठ मास्कमागे होते. मुलांना आवाज ऐकू येत होता, तो कसा बनतो ते दिसत नव्हतं. बाई दोन पावलं मागे सरल्या, खिडकीपाशी गेल्या, मास्क हनुवटीवर ओढला आणि ओठ मिटून ‘म्म्म’ केलं. वर्गात एकदम शांतता. मग मागून एक पोरगा म्हणाला, ‘बाई, तुम्ही अशा दिसता व्हय?’

दीड वर्षं ज्यांचा आवाज फोनवर ऐकला त्या बाईंचा चेहरा त्यानं पहिल्यांदा पाहिला होता. नियमाचा तो भंग होता, आणि मी तो इथे लिहिते आहे. माझ्या मते बाईंची त्यात चूक नाही.

आता थोडं कडू बोलते. शाळा बंद ठेवल्या याबद्दल मला तक्रार नाही, निदान पहिल्या वर्षाबद्दल तरी. एप्रिल-मे 2021 मध्ये खाटा आणि ऑक्सिजनसाठी माणसं जी धावत होती, ती पाहिल्यावर कुठल्या आईनं पोराला शाळेत धाडलं असतं? माझा आक्षेप उघडण्याच्या क्रमाला आहे. 5 ऑक्टोबर 2020 ला हॉटेलं आणि बार उघडले. 5 नोव्हेंबरला सिनेमागृहं. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, मंदिरं. 23 नोव्हेंबरपासून नववी ते बारावी, 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवी. पहिली ते चौथी? त्यांचा नंबर त्या फेरीत आलाच नाही. दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा तोच क्रम: 4 ऑक्टोबर 2021 ला मोठी मुलं, घटस्थापनेला देव, 22 ऑक्टोबरला नाटक-सिनेमा, आणि डिसेंबरात ही चिल्लीपिल्ली. तेही मुंबईत 15 डिसेंबरला, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओमायक्रॉनच्या धास्तीनं तिथे पुन्हा कुलूप.

डेन्मार्कनं 15 एप्रिल 2020 ला शाळा उघडल्या त्या सर्वांत लहानांच्या, मोठ्यांना थांबवून. बरं, तो देश वेगळा, वस्ती विरळ, मान्य. पण आपल्याच आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी 20 जुलै 2021 ला जाहीरपणे सांगितलं होतं, की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा उघडायच्याच तर आधी प्राथमिक शाळा उघडणं शहाणपणाचं. आपण बरोबर उलटं केलं. दहावी-बारावीला बोर्डाची परीक्षा असते, तिचा निकाल पेपरात येतो, म्हणून ते पुढे. पहिलीच्या मुलाला ‘म’ आला नाही, याची बातमी होत नाही.

मग आला सेतू. 1 जुलै 2021 पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, दुसरीपासून दहावीपर्यंत. साहित्य चांगलं होतं, मी ते वाचलं आहे. फक्त प्राथमिक शाळा तेव्हा बंद होती. पैलतीरच नसताना पूल बांधून झाला, आणि पाच महिन्यांनी मुलं खरोखर वर्गात आली तेव्हा ‘सेतू पूर्ण’ असा शेरा पडून गेलेला होता.

त्याआधी एप्रिल 2021 मध्ये सरकारनं पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातलं होतं. दुसरा मार्गही नव्हता. पण त्या पहिलीवाल्यांचं पुढे काय झालं, ते बघा. 2022 मध्ये ती तिसरीत गेली, आणि 2024-25 मध्ये पाचवीत. दरम्यान राज्यानं नियम बदलला: पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात मुक्काम. म्हणजे 2020 ची पहिली 2025 च्या उन्हाळ्यात जन्मातल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या पास-नापास परीक्षेला बसली. पहिल्या वर्षी शाळा नसताना ढकलली, आणि आता शाळा आहे म्हणून अडवायची. एकाच पिढीवर दोन्ही प्रयोग झाले.

इथे मला माझंही एक भाकीत तपासायला हवं. 2022 मध्ये याच सदरात मी लिहिलं होतं, की ही पिढी आता कायमची मागे पडली. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे ग्रामीण भारताचे तेव्हाचे आकडे भयंकरच होते: तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 2022 मध्ये 20.5 वर आलं. 2024 चा अहवाल आला आणि ते पुन्हा 27.1 झालं, पेपरांनी ‘नुकसान भरून निघालं’ असे मथळे दिले. मथळा चुकीचा होता. 2024 मधली तिसरीची मुलं 2022 मध्ये पहिलीत आली होती, उघड्या शाळेत. त्यांचं कधी काही बुडालंच नव्हतं. ज्यांचं बुडालं ती पाचवीत होती. पण पाचवीचा आकडा काढून बघितला आणि मी गप्प झाले. 48.8 टक्के. महामारीआधी तो निम्म्याहून किंचित जास्त होता. म्हणजे माझी ती पिढी जवळजवळ जुन्या रेघेपर्यंत आली होती.

आनंद झाला. आणि लगेच हेही दिसलं, की जुनी रेघच निम्म्यावर होती. पाचवीत दर दोघांतल्या एकाला दुसरीचं वाचता येत नाही, ही आपली सुस्थिती.

मुलांना इथवर आणलं कुणी? मोहिमांनी थोडं, बाईंसारख्यांनी बरंच. जून 2022 मध्ये, फडातली आठही परत आल्यावर, बाईंनी तिसरीचं पुस्तक कपाटात ठेवलं. तिसरी-चौथी एकत्र बसवली आणि मुलं वयानं नव्हे तर वाचनानं वेगळी केली: अक्षरवाले, शब्दवाले, गोष्टवाले. चौथीतला दांडगा मुलगा अक्षरवाल्यांत बसला, त्याला लाज वाटू नये म्हणून त्याच्याकडे खडू वाटायचं काम दिलं. दिवाळीपर्यंत पाठ्यपुस्तकाचा एक धडा झाला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘कितवा पाठ चालू आहे?’ बाईंनी सांगितलं, ‘सातवा.’ ‘आयुष्यात एवढं खोटं कधी बोलले नव्हते,’ असं त्या मला नंतर म्हणाल्या. माझ्या लेखी ते त्या वर्षीचं सर्वांत प्रामाणिक काम होतं. दुःख याचं, की ते चोरून करावं लागलं. त्या वर्षी शासनानं एवढंच काढायला हवं होतं की सहा महिने पाठ मोजू नका, मुलं मोजा. तसं एकपानी पत्रक शोधून मी दमले.

2025 मध्ये शाळा उघडण्याआधीचे दोन महिने आपण पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर भांडलो. भांडायलाच हवं होतं.  पण त्याच दोन महिन्यांत पाचवीचे निकाल लागले, आणि मराठी वाचता न आल्यामुळे अडलेल्या मुलांबद्दल एक सभा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, बाईंना फोन केला. गुलाब सांगून झाले होते, त्या वर्षी पहिलीत नऊ. मोबाइलमध्ये फोटोंसाठी जागा करून ठेवली होती. ‘चित्र कुठंय’ विचारणारी मुलगी शेजारच्या गावच्या हायस्कुलात सहावीत गेली होती. बाईंच्या कपाटातली गोष्टीची पुस्तकं अजून न्यायची, परत मात्र उशिरा करायची. त्या आठांपैकी एक मुलगा गणितात राहिला होता. त्याची पुनर्परीक्षा होती. तो तेव्हा बाईंच्या शाळेतला नव्हता, तरी सकाळी सात वाजता त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा.

‘कशात अडतो?’ मी विचारलं.

‘अडत कुठे नाही हो. चाळीस मोळ्यांचे किती, टोळीत नऊ कोयते असले तर एकाला किती, उचल फिटायला किती टन राहिले, सगळं तोंडी सांगतो. माझ्याआधी सांगतो. कागद पुढे ठेवला की नुसता बघत राहतो.’

मागे कुकरची शिट्टी झाली. ‘थांबा, आला तो,’ असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.